काट्यावर न आलेलं वजन

अठ्ठावीस टन चारशे किलो भंगार,
रिकाम्या गाडीचं वजन वजा जाता.
ट्रेलर मुंद्र्याहून आलेला,
बिल्टीवर मूळ बंदर कुठलंसं काळ्या समुद्राचं.
मी पावती फाडली, शिक्का मारला.
तासाभरानं शेख मुनीर गॅस-कटर विझवून केबिनीत आला,
मूठ उघडली :
"साहेब, ह्याला चुंबक लागंना."

चांदी होती.
वर तीन विमानं, खाली रणगाडा,
मधल्या अक्षरांतला लाल मीना बहुतेक उडालेला.
पाठीवर कोरलेला नंबर : ६८४९१७.

आमच्या काट्याला दहा किलोखालचं दिसत नाही.
सराफ्यात नेलं तर म्हणाले, सव्वीस ग्रॅम,
मोडीत घालायचंय का?
"भट्टीत गेलं असतं," मुनीर म्हणाला,
"तर आत्ता कुणाच्या तरी स्लॅबमधी असतं."

मी वजनाच्या नोंदी ठेवणारा माणूस.
नंबर आहे म्हणजे रजिस्टर आहे,
रजिस्टर आहे म्हणजे कारकून असणार,
गारठलेल्या बोटांवर फुंकर मारून
हा आकडा लिहिलेला.
जालना एमआयडीसीतून मी त्याच्या खुर्चीला अर्ज लिहिला.

सात महिने.
दोन पाकिटं जशीच्या तशी परत.
रात्रपाळीत त्यांची अक्षरं शिकलो :
पी दिसतो तो र, एच दिसतो तो न.
परराज्यातल्या गाडीची पाटी वाचावी
तसा एकेक अक्षर वाचत गेलो.
तोवर माझा शिपाई रोज एक रणगाडा उडवत होता
(पदकावर रणगाडा होता ना).
मुनीरनं तर त्याला मिशाही दिल्या होत्या.

मग कागद आला. एका पानाची छायाप्रत,
शाई फुटलेली, कडेला चहाचा असावा असा डाग.
वसमतकर बाई पंच्याहत्तर साली रशियन शिकलेल्या,
आता भिंगाशिवाय मराठीही वाचत नाहीत.
ओळीखाली बोट ठेवून थांबत थांबत म्हणाल्या :
"मामात उरुनबायेव. शिपाई. जन्म एकोणीसशे पाच.
मशीनगनच्या तुकडीत काडतुसं वाहणारा.
देस्ना नदीच्या काठी
नळीभोवतीचं पाणी उकळून संपलं तेव्हा
चालू गोळीबारात चार वेळा नदीवर जाऊन
पाणी आणलं.
मशीनगन थांबली नाही."
आणि?
"आणि मेजरची सही."

येताना बसमध्ये कागद तीनदा उघडला.
रणगाडा कुठेच नव्हता.

आम्ही राहतो चंदनझिऱ्यात, झिरा तेवढा नावात,
नळ बाराव्या दिवशी.
अनुसया टिपाडावर झाकण ठेवत होती.
वाचून दाखवलं.
"पाणी आणलं म्हणून बिल्ला?"
हसली, पदरानं हात पुसले, मग गंभीर झाली.
"कशात आणलं?"
लिहिलेलं नाही.
"नदी किती लांब?"
लिहिलेलं नाही.
"पाचव्यांदा गेला का?"
मी कागद उलटा करून पाहिला.
"आणि सगळं त्या बंदुकीलाच ओतलं?
एवढी धाव मारून आलेला माणूस,
घोटभर तरी प्यायला असंल की."

सात महिने मी शोधत होतो,
आणि ह्यातलं एकही मला सुचलेलं नव्हतं.

मुनीर विचारतो, पोरं आसतील का त्याची?
ते नंतर.
आज रात्री दोन ट्रेलरच्या मधे
नवा कागद घेतला :
विषय, पदक क्रमांक ६८४९१७.
आपले पत्र मिळाले, आभारी आहे.
तरी कृपया कळवावे,
पाणी कोणत्या भांड्यातून आणले.

खाली सही केली.
सवयीनं शिक्का मारला, तो काट्याचा :
"वजन बरोबर आहे."
खोडायचा म्हटलं, तर हॉर्न वाजला.